सातव्या डावात आलेला निरोप

मित्रांनो, माझ्या अंगठ्याची शिवण दोनदा उसवली आहे. तळवा तर इतका काळवंडला आहे की माझा मूळ रंग तांबूस होता, हे आता कुणाला पटायचं नाही. मी बेसबॉलचा हातमोजा आहे. तेवीस वर्षं मी एकाच माणसाच्या उजव्या हातात होतो. एवेलियो कार्मेनाते त्याचं नाव. तो डावखुरा पिचर होता, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा; फेकायचा हात डावा, म्हणून झेलायचा उजवा. क्युबाभर लोक त्याला ओळखत. त्याचे विक्रम तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगणार आहे ते फक्त मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी बाकावर पडलेलो होतो.

माझा जन्म सांता इनेस नावाच्या गावात झाला. साखर कारखान्याचं गाव ते. एवेलियोचे वडील सातुर्निनो तिथे खोगिरं शिवत. गावात पोरांकडे मिळून पाच मोजे होते आणि पाचही डाव्या हाताचे. एवेलियो त्यातलाच एक उलटा चढवायचा. अंगठा करंगळीच्या जागी कोंबायचा आणि चेंडू निसटला की शिव्या खायचा. सातुर्निनोंनी दोन वर्षं हे पाहिलं. मग एका सकाळी त्यांनी नोर्गेला हाक मारली. नोर्गे म्हणजे एवेलियोचा जिवलग मित्र. उसाच्या आगगाडीवरच्या गार्डचा मुलगा, अंगानं बुटका, तोंडानं तिखट.

"तुझा मोजा चार दिवस दे," सातुर्निनो म्हणाले.

"आणि मी काय हातानं झेलू, काका?"

"हात आहेत ना तुला? का तेही मागून आणलेत?"

नोर्गे चार दिवस उघड्या हातानं झेलत राहिला. त्याचे तळवे पावासारखे फुगले. इकडे सातुर्निनोंनी त्याचा मोजा आरशासमोर उभा केला आणि आरशात दिसेल तसा कागदावर उतरवला. त्या कागदावरून एका जुन्या खोगिराचं चांगलं चामडं कापलं, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलं, गुरांची चरबी चोळली आणि पोटात चेंडू ठेवून मला पट्ट्यानं आवळून बांधलं. असा मी झालो. एवेलियोनं माझ्यात हात घातला, बोटं दोनदा मिटली, उघडली आणि मैदानाकडे पळत सुटला. सातुर्निनो खाली मान घालून दुसऱ्याच कुणाचा लगाम शिवत बसले होते. पण सुई बराच वेळ हलली नव्हती.

एवेलियो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. अठराव्या वर्षी त्याला प्रांताच्या संघात घेतलं आणि वर्षभरात नोर्गेलाही. एक फेकणारा, एक फलंदाजामागे बसून झेलणारा कॅचर. पहिल्याच हंगामात एवेलियोनं अकरा सामने जिंकून दिले. तिसऱ्या हंगामात एका सामन्यात सतरा फलंदाजांना नुसतं हवेत बॅट फिरवायला लावून परत पाठवलं. परदेशातल्या स्पर्धेतून तो सोन्याचं पदक घेऊन आला. पंचविसाव्या वर्षी त्याचा शंभरावा विजय झाला, तेव्हा कारखान्यानं पाच मिनिटं भोंगा वाजवला होता.

नोर्गेनं मात्र त्याला कधी चांगलं म्हटलं नाही. सामना अडला की तो चेहऱ्यावरचा जाळीचा मुखवटा डोक्यावर सरकवून डुलत डुलत पिचरच्या उंचवट्यावर यायचा. बघणाऱ्यांना वाटे, काय गहन मसलत चालली आहे!

"माझी आजी चप्पल फेकते ना, ती याहून जोरात येते."

"मग आजीला घेऊन ये."

"येईल की. पण ती म्हणते, असल्या संघात मी नाही खेळणार."

एवेलियो माझ्याआड तोंड लपवून हसायचा. त्याचा गरम श्वास मला लागायचा. पुढचा चेंडू हमखास नेमका पडे.

सातुर्निनो मैदानावर एकदाच आले होते. त्या दिवशी एवेलियो हरला. मग ते पुन्हा आले नाहीत. "मी रेडिओवर ऐकेन," म्हणायचे, "तिथे आरडाओरड्यात काही कळत नाही." दर वर्षी हंगामापूर्वी एवेलियो मला त्यांच्याकडे नेई. ते माझ्या वाद्या बदलत, चरबी चोळत आणि तळव्यावरून अंगठा फिरवून मुलाचं वर्ष कसं गेलं ते ओळखत.

आता त्या रविवारबद्दल सांगतो. फेब्रुवारीची दुपार होती. मैदान सांता इनेसपासून साठ किलोमीटरवर. समोरच्या संघाचे सात डाव झाले होते आणि त्यांना एवेलियोच्या चेंडूवर एकही यशस्वी फटका मिळाला नव्हता. आणखी दोन डाव, म्हणजे सहा गडी असेच गेले असते, तर पिचरच्या आयुष्यात एखाद्याच वेळी येणारा तो पराक्रम पुरा झाला असता. अशा वेळी कुणी पिचरशी बोलत नाही. दृष्ट लागते म्हणतात. सातव्या डावातली आमची फलंदाजी चालू होती. एवेलियो मला बाकावर ठेवून डोक्यावर पाणी मारायला नळाकडे गेला होता.

तेवढ्यात कचेरीतला माणूस आला आणि प्रशिक्षक रेंबेर्तो यांच्या कानाशी लागला. रेंबेर्तो जागच्या जागी बसले. मग त्यांनी नोर्गेला जवळ ओढलं.

"कारखान्यातून फोन आलाय. मिगदालियाचा."

मिगदालिया म्हणजे एवेलियोची बायको.

"सातुर्निनो गेले. कामाच्या पाटावरच. रेडिओ चालू होता."

नोर्गेनं गुडघ्यावर बांधलेल्या ढालीचा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला.

"तू त्याला लहानपणापासून ओळखतोस," रेंबेर्तो म्हणाले. "सांगायचं की नाही, तू बोल. मला नाही जमायचं."

"सहा गडी राहिलेत," नोर्गे म्हणाला. "काकांनी आयुष्यभर याचीच वाट पाहिली. आता सांगून ते काही उठून बसणार नाहीत. सामना होऊ दे. मी सांगतो नंतर. मीच सांगेन."

मित्रांनो, मी त्या दोघांच्या मध्ये पडलो होतो. मला घडवणारे हात थंड पडले होते आणि मला तोंड नव्हतं. एवेलियो ओल्या केसांनी आला, मला हातात चढवलं आणि उन्हात गेला.

आठव्या डावात पहिला गडी बाद झाल्यावर नोर्गे उंचवट्यावर आला. मुखवटा वर सरकवला नाही.

"छान टाकतोयस, एवेलियो," तो म्हणाला आणि परत गेला.

दुसरा गडी गेला, तिसरा गेला. नवव्या डावातलेही दोघे गेले. शेवटच्या फलंदाजानं उंच मारलेला चेंडू एवेलियोनं स्वतःच माझ्यात झेलला. मग काय झालं ते विचारू नका. लोक कुंपणं ओलांडून आत आले. एवेलियोला खांद्यावर घेतलं. तो हसत होता, मला वर धरून हलवत होता. कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो देशभर छापून आला आणि पुढे न्हाव्यांच्या दुकानांतून, कॉफीच्या टपऱ्यांवरून, शाळांमधून लटकला. कुठेही गेलं तरी कुणीतरी तो पुढे करून म्हणे, "यावर सही द्या ना!" एवेलियो सही करायचा. फोटोकडे मात्र पाहायचा नाही. वडिलांचं प्रेत घरात असताना तोंडभर हसणारा मुलगा होता त्यात.

कपडे बदलायच्या खोलीत नोर्गेनं त्याला सांगितलं. गावाकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये दोघं समोरासमोर बसले होते. मी एवेलियोच्या मांडीवर होतो. निम्मा रस्ता झाल्यावर एवेलियोनं तोंड उघडलं.

"तुला केव्हा कळलं?"

"सातव्या डावात."

"आणि तू मला टाकू दिलंस."

"सहाच गडी होते रे. म्हाताऱ्याला हेच..."

"माझ्या बापाचं नाव घेऊ नकोस."

यापुढे कितीतरी वर्षं एवेलियो नोर्गेशी एक शब्द बोलला नाही. त्यानंतर दोघं आणखी सात हंगाम एकत्र खेळले. नोर्गे दोन बोटं दाखवी, एवेलियो मान हलवी, चेंडू येई, झेलला जाई. रेडिओवाले म्हणत, काय यांचं एकमेकांना ओळखणं, बोलावंही लागत नाही! दीडशेवा विजय झाला. नोर्गे आता उंचवट्यावर येत नसे. एवेलियो मला तोंडाशी धरी, पण हसू येत नसे. हंगामापूर्वी माझ्या वाद्या तो स्वतःच बदलायचा. गाठी वेड्यावाकड्या पडत. एका वर्षी त्यानं काम अर्ध्यातच सोडलं, मला पोटाशी धरलं आणि तसाच बसून राहिला.

नोर्गेचे गुडघे गेले तेव्हा त्याला निरोप द्यायला सगळा संघ रांगेत उभा राहिला. नोर्गे एकेकाचा हात हातात घेत आला. एवेलियोच्या उजव्या हातात मी होतो. एवेलियोनं मला काढलं नाही. नोर्गे क्षणभर थांबला. मग त्यानं माझाच पंजा दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. त्याची बोटं चेंडू लागून लागून वाकडी झाली होती. एवेलियो समोर कुठेतरी पाहत राहिला. नोर्गे पुढच्या माणसाकडे गेला.

पाच वर्षांनी एवेलियोचा दोनशेवा विजय झाला. तो अडतीस वर्षांचा होता. कॅचर नवा होता, त्याला आदरानं "उस्ताद" म्हणायचा. सामना संपल्यावर फुलं आली, भाषणं झाली. एवेलियो घरी आला, मला टेबलावर ठेवलं आणि जेवायला बसला. भातात चमचा घातला आणि तसाच राहिला.

मिगदालिया म्हणाली, "नोर्गे आजारी आहे म्हणे. फुप्फुसं खराब झालीत."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. तू सोडून. तुझ्यासमोर त्याचं नाव काढायची कुणाची छाती आहे?"

"मी काय करू मग?"

"मला काय विचारतोस? बारा वर्षं मला विचारलंस कधी? फोन मी केला होता, एवेलियो. एक मेलेला माणूस तुम्ही दोघांनी वाटून घेतलात आणि मला मधे उभं केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी एवेलियो उसाच्या ट्रकवर बसून उत्तरेकडच्या किनाऱ्याला निघाला. सवयीनं मला बरोबर घेतलं. नोर्गे तिथे बहिणीकडे राहत होता. अंगणात बसून मासेमारीची जाळी दुरुस्त करत होता. इतका वाळला होता की मी त्याला बोटांवरून ओळखलं.

"दोनशे झाले म्हणून मिरवायला आलास होय?" नोर्गे म्हणाला. जाळ्यावरून नजर उचलली नाही.

एवेलियो पायरीवर बसला. बराच वेळ मला कुस्करत राहिला.

"तू मला छान म्हणालास," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. आठव्या डावात आलास आणि म्हणालास, छान टाकतोयस. तू! जन्मात कधी माझी स्तुती केली होतीस?"

नोर्गेचे हात थांबले.

"मला तिथेच कळलं, नोर्गे. काय झालंय ते नाही, पण घरी काहीतरी वाईट झालंय, एवढं कळलं. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं."

"म्हणून नाही विचारलं. मला ते उरलेले गडी हवे होते."

मित्रांनो, बारा वर्षं मला वाटत होतं की त्या उंचवट्यावर उन्हात ते ओझं माझ्या एकट्यावर होतं. ज्या हातात मी होतो, त्याला ते ठाऊक होतं.

नोर्गे उभा राहिला. धाप लागली होती, तरी उभा राहिला.

"बारा वर्षं," तो म्हणाला. "मी एकही रविवार सुखानं काढला नाही. मी पोराला बापापासून तोडलं, असं मनाशी म्हणत म्हणत मी म्हातारा झालो. आणि तुला ठाऊक होतं? निघ. निघ इथून."

तो आत गेला. एवेलियो निघाला नाही. ऊन भिंतीवर चढलं, उतरलं. कोंबड्या येऊन गेल्या. संध्याकाळी नोर्गेची बहीण एका हातात कॉफीचा छोटा पेला घेऊन स्वयंपाकघरातून आली, तेव्हा आतून आवाज आला.

"त्यालाही दे. साखर जास्त घाल. मुळमुळीत आहे तो, कडू झेपत नाही त्याला."

एवेलियो ती कॉफी पिताना रडला. गोड होती की नाही, त्याला कळलंही नसेल.

त्यानंतर तो दर आठवड्याला तिथे जाई. दोघं जाळी विणत. नोर्गे त्याच्या गाठींना नावं ठेवी. खोकला आला की एवेलियो त्याच्या हातातलं जाळं काढून घेई. एकदा त्यांनी सातुर्निनोंबद्दल बोलायला सुरुवात केली, ती अंधार पडेपर्यंत संपली नाही. असे चार महिने गेले. पाचव्या महिन्यात नोर्गे गेला. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत एवेलियो पुढे होता. दोनशेव्या विजयानंतर तो एकही सामना खेळला नाही.

मी आता प्रांताच्या क्रीडाभवनात काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे. शंभरावा, दीडशेवा, दोनशेवा विजय, त्या रविवारची तारीख, सगळं तिच्यावर नीट लिहिलं आहे. मुलं मोठ्यानं वाचतात आणि पुढे जातात. काच रोज पुसतात. चामड्याला मात्र कुणी हात लावत नाही, त्यामुळे मी आतून तडकत चाललो आहे. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी हातानं बनवलेली वस्तू असेल तर ती वापरात ठेवा. तिची शिवण उसवायच्या आत तिच्याकडे बघा. आणि जिवलग माणसाशी अबोला धरला असेल, तर तो कुणासाठी धरला आहे हे एकदा स्वतःला खरं खरं विचारा आणि आजच त्याच्या दारी जा. चार महिन्यांत बारा वर्षं मावत नाहीत. मी पाहिलं आहे.