नेपच्यूनच्या पलीकडे

खड्डा गुडघाभर खोल गेला तरी म्हातारा प्रतिकृतीकार थांबेना, तेव्हा टेम्पोवाल्याने त्याच्या हातातून पहार काढूनच घेतली.

"काका, लावायचा काय, तर मोहरीचा दाणा. आणि खड्डा हत्ती पुरायचा काढलाय तुम्ही."

म्हातारा हसला नाही. त्याची नजर समोरच्या निळ्या दारावरून हलत नव्हती.

विज्ञान संग्रहालयाने सूर्यमाला रस्त्यावर मांडायला काढली होती. आवारात पुरुषभर उंचीचा सूर्य. मग प्रमाणशीर अंतरावर, एकेका खांबावर, एकेक ग्रह. नेपच्यून शहराबाहेरच्या पेट्रोल पंपापाशी आला. "इथेच थांबू या," संचालिका म्हणाल्या होत्या. पण म्हाताऱ्यानेच हट्ट धरला. नेपच्यूनच्याही पलीकडे एक चिमुकला गोळा फिरतोय, परवा-परवा सापडलेला. सूर्याच्याच घरचा, पण सूर्याची ऊब न लाभलेला. त्याला एकट्याला का वगळायचं? मग अंतर मोजलं, आणि ते शेजारच्या गावात, नेमकं या गल्लीत येऊन पडलं. संचालिकांनी होकार दिला. या गल्लीत कोण राहतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

लेकीने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा तो म्हणाला होता, "तुझ्या दाराला माझं पाऊल लागणार नाही." शब्द पाळला. बायको मात्र येऊन-जाऊन असे. ती परतली की हा उगाच उंबऱ्यापाशी चपला नीट लावत बसे, आणि काही न विचारता सगळं ऐकून घेई.

निळं दार उघडलं. लेक ओले हात पुसत फाटकापाशी आली. बापाकडे तिने पाहिलंच नाही. आधी खांबावरची पाटी वाचली.

"हे अंतर रस्त्याने मोजलंत?"

"हो."

"सूर्यापासून सरळ रेषेत मोजायचं असतं, बाबा. लहानपणी टेपचं टोक जरा हललं तर टपली मारायचात मला."

"माहीत आहे."

"मग?"

तो घमेल्यातलं सिमेंट कालवत राहिला. "सरळ मोजलं की हा त्या टेकडीपलीकडे जातो. तिथे माझं कोण आहे?"

लेकीने फाटक उघडलं. अनवाणीच बाहेर आली आणि तिने दोन्ही हातांनी खांब धरला. त्याने चारी बाजूंनी दगडांच्या पाचरी ठोकल्या, वर सिमेंट ओतलं. खांब आता वादळातही हलला नसता.

"चला काका, ऊन उतरलं," टेम्पोवाला म्हणाला.

"सिमेंट ओलं आहे अजून," लेक म्हणाली. "सोडला तर कलेल."

टेम्पोवाल्याने पाचरींकडे पाहिलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. म्हाताऱ्याने त्याला कोपराने हलकेच ढोसलं, हात झटकले, आणि दुसऱ्या बाजूने खांब धरून तोही उभा राहिला.