भादव्यात धुतलेली भिंत

राघूने पहिल्यांदा विचारलं ते वैशाखात. आळेफाट्याला नगरच्या रस्त्यावर कुंडलिकचं गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर होतं. दोन हजार पाचचा टोमॅटोचा हंगाम जोरात होता आणि त्या दुपारी सात पिकअप रांगेत उभ्या होत्या. राघू सायकल कडेला लावून बराच वेळ थांबला आणि कुंडलिक मोकळा होत नाही हे पाहून शेवटी त्याच्याजवळ गेला.

"लेकीचं जमलंय, रोहिणीचं," तो म्हणाला. "तुळशीचं लगीन झालं की उरकायचं. घराला रंग द्यायचाय. पन पावसाच्या बाजूची भित लई काळी पडलीय. रंगवाला म्हंतो, आधी शेवाळ काढा. तुझ्या मशिनीनं निघंल का?"

"निघंल की. पन आता न्हाई, राघू. बघतोयस ना रांग. टोमॅटो संपू दे."

"उनातानात झालं आस्तं तर बरं. भित लगेच वाळली आस्ती."

"लग्नाला सा म्हैनं हायेत. कशाला घाई करतोस?"

राघू बरं म्हणाला आणि गेला. कुंडलिकने नाही म्हटलेलं त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. दोघं सातवीपर्यंत एका बाकावर बसले होते. कुंडलिकच्या घरी बागायत होती. राघूचे आईबाप मात्र दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे, आणि शाळेपायी राघू आत्याकडे राहायचा. त्यांच्या घराण्यात भिंतींचं घर बांधलं ते राघूनेच पहिल्यांदा. सावळेराम गवंड्याच्या हाताखाली तीन वर्षं काम करून तो गवंडीकाम शिकला आणि ब्याण्णव साली माळावरच्या तुकड्यात त्याने स्वतः तीन खोल्या उभ्या केल्या. सिमेंट परवडत नव्हतं म्हणून विटा मातीत लावल्या आणि पाणी आत शिरू नये म्हणून बाहेरून विटांच्या सांध्यांत तेवढं सिमेंट भरलं. गजराबाई, त्याची बायको, पायाने चिखल तुडवून द्यायची. घर झाल्यावर आलेल्या पाहुण्याला राघू आधी कोपऱ्याशी नेऊन भिंत किती सरळ आली आहे ते दाखवायचा, मग पाणी विचारायचा.

टोमॅटो संपला, पाऊस पडला. श्रावणात कुंडलिकने नवा पंप घेतला. डिझेल इंजिनवर चालणारा, पिकअपमध्ये टाकीसकट बसवलेला. ट्रकच्या चाकावर वर्षभर बसलेला चिखल त्याच्या धारेने सालीसारखा निघायचा. पण गणपती झाले, पितृपक्ष लागला आणि सेंटरवर सामसूम झाली. नवी मशीन नुसती उभी होती. कुंडलिकला राघूची भिंत आठवली ती तेव्हा.

जायच्या आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर सावळेराम भेटला. आता तो म्हातारा झाला होता, कामाला जात नव्हता. कुंडलिकने सहज सांगितलं, उद्या राघूचं घर धुवायला जातोय.

सावळेरामने कप खाली ठेवला. "ह्या मशिनीनं?"

"मग कशानं?"

"कुंडलिक, ती मातीतली भित हाय. चार म्हैनं पावसाचं पाणी पिऊन बसलीय. आतली माती लोण्यावानी झाली आसंल. तुझ्या धारेनं वरचं सिमेंट उडालं तर पाणी सरळ आत जाईल. उन्हाळ्यात इचारलं आस्तंस, तर लांबून हळू मार म्हनलो आस्तो. आता नको."

"लगीन जवळ आलंय त्याच्याकडं."

"मग ब्रशनं घासा म्हनावं. चार दिस लागत्याल, पन भित ऱ्हाईल."

कुंडलिक बघतो म्हणाला. खरं तर तेव्हाच त्याला पटलं होतं. पण सकाळी टाकी भरलेली होती, मशीन नवी होती आणि राघूला निरोप गेलेला होता. तो निघाला.

पंप सुरू करण्याआधी राघूने विचारलंच. "आता चालंल ना रं? पाऊस अजून गेला न्हाई."

"काय व्हत न्हाई," कुंडलिक म्हणाला. "पाठीमागं सर फक्त."

आवाज ऐकून वस्तीवरची दहा-बारा माणसं जमली. धार लागेल तिथला काळा थर फाटत गेला आणि खालून विटांचा लाल रंग उघडा पडला. कुणीतरी म्हणालं, काल बांधल्यावानी दिसतंय. गजराबाई तोंडाला पदर लावून हसत होती. रोहिणी खालच्या भांड्यांवर शिंतोडे उडू नयेत म्हणून ती उचलून नेत होती.

अर्धी भिंत झाल्यावर कुंडलिकच्या लक्षात आलं की शेवाळाबरोबर राखाडी तुकडेही खाली पडतायत. बोटाएवढे, काही वीतभर लांब. सांध्यांतलं सिमेंट होतं ते. जिथून ते निघालं होतं तिथून तांबूस गढूळ पाणी ओघळत होतं. त्याने धार बंद केली. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"काय झालं, भाऊ?" कुणीतरी विचारलं.

"काय न्हाई. नळीला पीळ पडलाय."

त्याने नळी झटकल्यासारखी केली आणि पुन्हा धार सोडली. तिथेच थांबला असता तर निम्मी भिंत वाचली असती. पण दहा माणसांसमोर आपलं चुकलं म्हणायला त्याची जीभ वळली नाही. काम संपल्यावर राघू चहाचं सांगायला आत गेला, तेवढ्यात त्याने पडलेले तुकडे बुटाने गटारात लोटले आणि वर शेवाळाचा गाळ ओढला.

नवरात्रात पाऊस परत आला. तीन दिवस तो पश्चिमेकडून भिंतीवर आडवा लागला होता. सहाव्या माळेच्या दुपारी राघूचा फोन आला. भिंत पडली, एवढंच तो म्हणाला.

कुंडलिक पोचला तेव्हा भिंत बाहेरच्या अंगाला झोपलेली होती. तिला टेकून पडवी होती आणि पावसामुळे मेंढरं पडवीतच कोंडलेली होती. राघूकडे उरलेली पंधरा मेंढरं. त्यातली सहा आणि दोन कोकरं ढिगाखाली मेली. माणसं पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. राघू गुडघाभर चिखलात उभा राहून विटा उपसत होता. कुंडलिकही उपसू लागला. बऱ्याच वेळाने राघूने एक वीट हातात धरली आणि तिला चिकटलेली माती अंगठ्याने पुसली.

"माझ्याच हातचं काम," तो म्हणाला. "कच्चं निघालं."

गजराबाई मेलेल्या मेंढीशेजारी बसली होती. "मी तवाच म्हनत हुते, थोडं थांबू, सिमेंटात बांधू," ती म्हणाली. "न्हाई ऐकलं. ह्यांना लई घाई."

कुंडलिक आता बोलू शकला असता. पाऊस पडत होता, तिघंच होते. त्याने वीट उचलून ढिगावर ठेवली, मग दुसरी उचलली.

दोन दिवसांनी पंचनामा झाला. अतिवृष्टीमुळे भिंत कोसळली, असं लिहिलं गेलं. पंच म्हणून गावातली दोन जबाबदार माणसं हवी होती. राघूने कुंडलिकचं नाव सुचवलं. कुंडलिकने कागद वाचला, दोनदा वाचला आणि सही केली. घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला.

मग त्याने, न सांगितलेल्या गोष्टीच्या बदल्यात, देता येईल ते द्यायला सुरुवात केली. ताडपत्री नेऊन दिली. कडब्याचा ट्रॅक्टर पाठवला. लग्न आमच्या अंगणात करू, म्हणाला. राघू नको नको म्हणत होता, पण पडक्या घरापुढे मांडव घालायचं त्याच्याही जिवावर आलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर आठव्या दिवशी रोहिणीला कुंडलिकच्या दारात हळद लागली. पाहुणे आंबेगाव तालुक्यातले होते. नवऱ्या मुलाचे चुलते सयाजी बोलायला उठले. ते म्हणाले, आजच्या काळात भाऊ भावाला दार उघडत नाही, आणि इथं एका दोस्तानं दुसऱ्याच्या लेकीचं लग्न आपल्या अंगणात उभं केलं. त्यांनी कुंडलिकला पुढे बोलावलं. राघूने स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला फेटा बांधला. बांधताना राघूचे डोळे भरले होते आणि कुंडलिक मान खाली घालून उभा होता. माणसांना वाटलं, किती साधा माणूस आहे.

सावळेराम शेवटच्या पंगतीला जेवला. हात धुऊन जाताना तो कुंडलिकपाशी थांबला.

"फेटा शोभतोय तुला," तो म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला.

कुंडलिकने घरात जाऊन फेटा उतरवला. बाहेर सनई वाजत होती आणि त्याला परत बाहेर जायचं धाडस होत नव्हतं. रोहिणी पाया पडायला आत आली तेव्हा त्याने नुसता हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पौषात त्याने सेंटरला एक खोली बांधायचं ठरवलं. काम राघूलाच द्यायचं, म्हणजे मनावरचं ओझं थोडं हलकं होईल, असा त्याचा हिशेब होता. तो माळावर गेला. पडलेल्या बाजूला ताडपत्री फडफडत होती. राघू दारात बसून दोरी वळत होता.

"दुसऱ्या कुनाला दे, कुंडलिक," सगळं ऐकून तो म्हणाला. "मी थापी ठेवून दिलीय."

"का रं?"

"माझं काम टिकत न्हाई. गेल्या म्हैन्यात एकानं गोठ्याला बोलावलं, त्यालाबी न्हाई म्हनलो. कुनाच्या अंगावर पडलं तर काय करू? मला वाटायचं मला येतं. येत नव्हतं."

तो हे रडवेल्या आवाजात म्हणाला नाही. आज वारा सुटलाय असं सांगावं तसं म्हणाला. तीन महिने हा माणूस हेच मनात घेऊन उठतोय आणि झोपतोय, हे कुंडलिकला तेव्हा पहिल्यांदा समजलं. ताडपत्री आणि कडबा त्यापुढे काहीच नव्हतं.

"भित तुझ्यानं पडली न्हाई," कुंडलिक म्हणाला. "माझ्यानं पडली."

राघूचा हात थांबला.

"मशिनीनं सांध्यातलं सिमेंट उडालं. मी बघितलं. आतनं माती वाहत हुती, तेबी बघितलं. तुकडं मी पायानं गटारात लोटलं, तू चहाला गेलास तवा."

"तुला ठावं नव्हतं," राघू सावकाश म्हणाला. जणू कुंडलिकला वाट काढून देत होता. "मशीन नवी हुती."

"ठावं हुतं. सावळेरामनं सांगितलं हुतं, आता मारू नको, भित वली हाय."

"कवा?"

"आदल्या दिशी."

राघूने दोरी बाजूला ठेवली. तो उठून उभा राहिला. कुंडलिकला वाटलं, आता हा अंगावर येईल. यावं, असंही वाटलं.

"मी तुला इचारलं हुतं," राघू म्हणाला. "चालंल का म्हनून."

"व्हय."

"वैशाखातबी आलो हुतो."

"व्हय."

"मग तीन म्हैनं का न्हाई बोललास?"

कुंडलिककडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. लाज वाटली म्हणून. आणि रोज थोडी वाढत गेली म्हणून.

राघूने आत हाक मारली. "गजरा, भायेर ये." गजराबाई पिठाचे हात पुसत आली. "सांग तिला," राघू म्हणाला. "मी सांगितलं तर तिला वाटंल, मी माझ्यावरचं तुझ्यावर ढकलतोय. तूच सांग."

कुंडलिकने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. संपल्यावर ती कुंडलिककडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

"रोज बोलले मी तुमाला," ती राघूला म्हणाली. "जेवताना सुदीक बोलले." तिने डोळ्यांना पदर लावला. मग कुंडलिककडे वळली. "भाऊ, आता जावा तुमी. आज तुमाला चहा इचारनं माझ्यानं व्हनार न्हाई."

कुंडलिक गेला. त्या आठवड्यात त्याने टपरीवर, चार माणसांत, स्वतःहून तीच हकिगत सांगितली. काहींनी आता कशाला उकरतोस म्हटलं, काही हसले. बहिरू नावाच्या ट्रकवाल्याने त्याच्याकडे गाडी धुणं बंद केलं. तो गजराबाईचा मावसभाऊ होता.

फाल्गुनात राघूने भिंत पुन्हा बांधायला काढली. या वेळी सिमेंटात. सिमेंटची पोती कुंडलिकने पाठवली. ती राघूने परत पाठवली नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी कुंडलिक जाऊन उभा राहिला. राघूने त्याच्याकडे पाहिलं, नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. कुंडलिक विटा वाहू लागला. दुपारी गजराबाईने दोघांना भाकरी दिली, पण वेगवेगळ्या जागी. पाचव्या दिवशी राघूची कंबर धरली तेव्हा त्याने थापी कुंडलिकच्या हातात दिली आणि स्वतः सावलीत जाऊन टेकला. कुंडलिकने चार विटा लावल्या. राघू उठून आला, ओळंब्याची दोरी सोडली, एक डोळा मिटून पाहिलं.

"तिसरी भायेर आलीय," तो म्हणाला. "काढ ती."

कुंडलिकने वीट काढली, खालचा माल खरवडला आणि नवीन घातला.