खुर्चीमागचे ओठ

मी एक मूकपट बोलतोय. हसू नका! तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेला कधी ना कधी बोलतोच, आणि माझा सूड अजून पुरा व्हायचाय.

एका नामवंत लेखकाच्या चरित्रावर मला बेतलं. लेखक हयात होता. पडद्यावर स्वतःचं काम स्वतःच करीन म्हणून हटून बसला, आणि बायकोच्या कामाला बायकोच हवी म्हणाला. लोकांनी म्हणायला हवं ना, काय ही पतिव्रता!

या बाईंना अक्षरओळख नव्हती, पण गोष्टी अशा सांगत की ऐकणारा जेवण विसरावा. त्यांची धाकटी बहीण जन्माची बहिरी. ताईचे ओठ बघतच ती बोलायला शिकली होती. लेखकाने तिला घराचा उंबरठा बंद केला होता. कारण काय, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

चित्रीकरणाच्या दिवशी लेखक टेबलावर वाकून लिहीत होता आणि बाई खुर्चीमागे उभ्या होत्या. दिग्दर्शक ओरडला, "बाई, ओठ हलवा! काहीही बोला, कोण ऐकतंय? संवादाची पाटी नंतर घालू."

कॅमेऱ्याचा दांडा खडखडत फिरू लागला. बाईंनी थेट माझ्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. नवरोबा मान खाली घालून खोटंखोटं लिहीतच राहिले.

पुढे त्या हलत्या ओठांपाठोपाठ पाटी आली, "नाथ, तुमची लेखणी हेच माझं भाग्य!" मजकूर अर्थात त्याचाच. माझ्या अंगावर ती चिकटवली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी थिएटरात लागण्याआधीच बाई तापाने गेल्या. पहिल्या खेळाला लेखक पुढच्या रांगेत डोळे पुसत बसला होता. तो प्रसंग आला, पेटी वाजत होती, आणि मागून एक फाटका, ओबडधोबड आवाज उठला. धाकटी उभी होती. पडद्यावर ताईचे ओठ हलत होते आणि तेच शब्द ही मोठ्याने बोलत होती.

"धाकटे, बघतेस ना? सगळी पुस्तकं माझी आहेत. मी सांगायची, हा उतरवायचा. तुला कळलं म्हणून तुला हाकललं. तू सांग सगळ्यांना."

पेटी थांबली. लेखक किंचाळला, "वेडी आहे ती! बाहेर काढा!" त्याचा पांढराफटक चेहरा मी वरून डोळे भरून पाहिला. खोटं कशाला बोलू, फार गार वाटलं.

दुसऱ्याच दिवशी माझ्या सगळ्या प्रती जाळायचा लेखकाचा हुकूम सुटला. पण थिएटरात मला पडद्यावर दाखवणारा यंत्रवाला बेरकी निघाला. माझ्या डब्यात भलतीच रिळं भरून त्याने आगीत दिली आणि मला धाकटीच्या ट्रंकेत पोचवलं.

लेखकाने पुढे एकही पुस्तक लिहिलं नाही. लोक हळहळले, बायकोच्या दुःखाने लेखणी आटली म्हणे! अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता धाकटीही नाही. मी आंबूस वास मारत, तुकडे पडत, याच ट्रंकेत पडलोय. आणि तो? चौकात दगडाचा होऊन, हातात लेखणी घेऊन खुर्चीत बसलाय. पोरं त्याला हार घालतात.

एकच मागणं आहे. मला एकदा बाहेर काढा आणि त्या पुतळ्याच्या मागच्या भिंतीवर दाखवा. बाई पुन्हा त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहतील. ओठ वाचता येत नसतील, तर एखाद्या बहिऱ्याला शेजारी बसवून घ्या. मग मला खुशाल काडी लावा.