तोंड कलगोंडाचं, फोटो कुणाचा?

कलगोंडा पाटलांना एकवेळ आमटीत मीठ नसलेलं चाललं असतं, पण ज्ञानकोशातल्या आपल्या पानावर आपला फोटो नाही, हे काही केल्या चालणार नव्हतं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बोरगावात त्यांना सगळे अण्णा म्हणत. तरुणपणी अण्णा म्हैसूर राज्याच्या संघातून कबड्डी खेळले होते. जिंकून आले की पलीकडचे म्हणायचे, आमचा गडी; अलीकडचे म्हणायचे, छे, आमचा. नोकरी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र दोघंही म्हणाले, तुमचा. मग अण्णांनी तंबाखू लावली, ऊस लावला, आणि संसार केला. एवढ्या वर्षांनी त्यांची नात क्षमा, जी निपाणीच्या कॉलेजात शिकवते, तिनं इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा तो ज्ञानकोश असतो ना, त्यात आज्जाचं पान तयार केलं. जुन्या वर्तमानपत्रांतले दाखले दिले आणि वर फोटो चढवला.

फोटो काय होता! कोट, टाय, मागं राजवाडा रंगवलेला पडदा, आणि मिशी अशी की नुसती बघूनच समोरचा चढाईवाला माघारी फिरावा. बेळगावच्या कॅम्पातल्या स्टुडिओत काढलेला. ह्या फोटोवरच आपलं लग्न ठरलं, अशी अण्णांची पक्की समजूत. "तुज्या आज्जीनं ह्यो फोटो बघितला, आन् दुसरं स्थळ बघितलंच न्हाय," हे वाक्य घरात सणासुदीला ठरलेलं. त्या वेळी राजमती आज्जी आमटी ढवळत बसायच्या.

आठवडा झाला नाही तोच फोटो गायब. जागा रिकामी, आणि खाली पूर्णिमा नावाच्या कुणा बाईंचा निरोप. ह्या बाई बेळगावात नोकरी करून उरलेल्या वेळात फुकट ज्ञानकोशाची राखण करत. 'सदर छायाचित्राचा प्रताधिकार आपल्याकडे असल्याचे दिसत नाही. कृपया नोंद घ्यावी.'

"परताधिकार? ह्यो कुठला रोग?" अण्णांनी विचारलं.

"आज्जा, फोटो ज्यानं काढला त्याचा असतो," क्षमा म्हणाली. "ज्याचा काढला त्याचा न्हाई."

"आयला! तोंड माजं, फोटो माजा. त्येनं निस्ता खटका दाबला की गं!"

"पैसे देऊन काढून घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. दिलते का पैसे?"

अण्णांची छाती फुगली. "माज्याकडनं पैसं? फोटोवाला म्हणाला, तुमच्यासारक्या खेळाडूकडनं पैसं घेतलं तर पाप लागंल. त्येनं हौसेनं काढला, आन् धा-बारा वर्सं दुकानाच्या काचेत लावून ठेवलता!"

"मग त्याचाच झाला की."

"फुकटचं असंच असतंय," चुलीकडून राजमती म्हणाल्या.

फोटोवाला केव्हाच वारला होता, स्टुडिओच्या जागी बेकरी आली होती, आणि त्याची पोरं कुठल्या देशात गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. परवानगी मागायची तरी कुणाला? क्षमानं पूर्णिमाबाईंना पुन्हा लिहिलं, 'उचित वापर' म्हणून काही सवलत असते ना? उत्तर लगेच आलं. सवलत आहे. माणूस हयात नसेल, नवा फोटो काढणं शक्यच नसेल, तर जुना फोटो लहान आकारात लावता येतो. माणूस जिवंत असेल तर त्याचा नवा फोटो काढता येतो, म्हणून जुना चालत नाही.

अण्णांनी हे दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजे मी मेलो की चालतंय?"

"...हो."

"आन् जित्ता हाय म्हणून अडलंय?"

"आज्जा, एक नवा फोटो काढू या की. आत्ता काढते, बसा."

"ह्या तोंडाचा?" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. दात वाटीत, मिशी केव्हाच विरळ होऊन पांढरी पडलेली. "लोकांनी कलगोंडा हुडकायचा, आन् गावायचा म्हातारा? न्हाय जमणार. त्यापरीस मोकळी जागा बरी!"

तरी मोकळी जागा काही बरी वाटेना. जेवताना तीच, झोपताना तीच. मरायची अण्णांना भीती नव्हती, पण आपण गेल्यावर नातवंडा-पतवंडांना आपण कसे होतो ते कळणारच नाही, हा विचार पाठ सोडेना. ते बोलून दाखवायची लाज वाटे, म्हणून ते सगळ्यांवर खेकसत.

आणि मग एका दुपारी, क्षमा कॉलेजात, राजमती बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेलेल्या, अण्णांना मोबाईलवर पानाच्या वर 'संपादन' असं बटण दिसलं. हा ज्ञानकोश कुणीही लिहू शकतं, असं क्षमानंच सांगितलेलं. कुणीही म्हणजे आपणही! जगायला परवानगी लागत नाही तशी मरायलाही लागत नाही. अण्णांनी चष्मा चढवला आणि एका बोटानं, घाम गाळत, टिपलं: 'कलगोंडा पाटील यांचे नुकतेच वृद्धापकाळाने निधन झाले. गाव हळहळले.'

आता फोटो येईल म्हणून ते संध्याकाळपर्यंत मोबाईल धरून बसले. फोटो आला नाही. 'गाव हळहळले' कुणीतरी काढून टाकलं होतं, आणि 'निधन झाले'च्या शेजारी बारीक अक्षरात दोन शब्द उगवले होते: संदर्भ हवा.

"बघा, बघा! मेल्याचा पुरावा मागत्यात!" अण्णा स्वतःशीच पुटपुटले; त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे घरात सांगायचं कुणाला आणि कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ते पान आणखी एकजण रोज वाचत होता. सांबऱ्याचा भावकू. अण्णांच्या संघात उजवा कोपरा सांभाळणारा. पानावर त्याचंही नाव होतं, म्हणून सकाळी चहाच्या आधी तो ते एकदा बघून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी चहा तसाच टाकून त्यानं बस धरली, निपाणीत उतरून झेंडूचा हार घेतला, आणि बोरगावात शिरला तो रडतच.

अण्णा कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होते.

भावकू दारात थांबला. हार हातातच राहिला. मग त्यानं जवळ येऊन अण्णांचा दंड चिमटून बघितला.

"आयाया! चिमटतोस कशाला रं?"

"तू मेलास न्हवं?"

"कुनी सांगितलं?"

"जगाला सांगितलंय की! ग्रुपवर सगळ्यांनी फुलं टाकल्यात. खानापूरचा शामू तर तुज्यासाठी दोन मिनिटं उभा ऱ्हायलाय, गुडघा दुखत असून! आन् तू हितं शेंगा खातोस व्हय रं?"

गलका ऐकून राजमती बाहेर आल्या, मागून क्षमा. तिनं मोबाईल उघडला, पानाचा इतिहास काढला, आणि कुणी काय टिपलं ते सगळ्यांसमोर लख्ख दिसलं. अण्णांनी एक शेंग फोडली, पण खाल्ली नाही.

"फोटोसाठी मेला?" राजमतींनी कपाळावर हात मारला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाय म्हंत्यात. तुमची तर मेल्यावर बी गेली न्हाय!"

"कुठला फोटो?" भावकूनं विचारलं. क्षमानं भिंतीवरचा दाखवला. भावकू बघत राहिला आणि हसता हसता त्याचा खोकलाच सुटला. "ह्यो? अगं पोरी, मी हुतो की तवा संगट! कोट स्टुडिओचा, मागनं चिमटं लावून आवळलेला. टाय शिवूनच ठेवलेली, निस्ती अडकवायची. आन् मिशी! ह्येला कुठली एवढी मिशी? फोटोवाल्यानं पेन्सिलीनं भरली. अर्धा तास भरत बसलता!"

अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. जमीन दुभंगेल तर बरं, असं त्यांना वाटलं.

"मग त्या बाईचं काय चुकलं?" राजमती म्हणाल्या. "कोट त्येचा, पडदा त्येचा, मिशी बी त्येची. त्यात तुमचं हुतं काय? फोटो त्येचाच की."

"पर तू ह्योच बघून हो म्हणालीस न्हवं?" अण्णांनी हळू विचारलं. इतका बारीक आवाज घरात कुणी कधी ऐकला नव्हता.

"ह्यो माज्या बापानं नंतर दाखवला. माजा होकार आदीच झालता." राजमतींनी पदर खोचला. "शाळंच्या माडीवरनं तुमची मॅच बघितलीती. पडलासा, गुडघा फुटला, तुमच्यापायी डाव गेला, आन् तुमीच सगळ्यात जास्त हसालता. म्हटलं, हरून हसणारा मानूस घरात बरा."

पन्नासाहून जास्त वर्षांच्या संसारात हे त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. अण्णांना एकदम भरून आलं. नाक ओढून ते म्हणाले, "डाव माज्यापायी गेला न्हवता. ह्या भावक्यानं समोरच्या गड्याचा पाय सोडला."

"मी सोडला? माज्या हातात त्येचा निस्ता लेंगा आलता!"

झालं. लग्नाआधीची ती चढाई अंगणात पुन्हा सुरू झाली. अण्णांनी समोरच्या चढाईवाल्याचं सोंग घेतलं, धोतर खोचलं, "कबड्डी, कबड्डी" करत भावकूच्या अंगावर गेले, भावकूनं हारासकट त्यांना कवेत धरलं, हार त्यांच्या गळ्यात अडकला, दम तिथंच तुटला, आणि दोन म्हातारे एकमेकांना धरून, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून खिदळायला लागले. क्षमाचा मोबाईल राजमतींच्या हातात होता. कुठं दाबायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दाबलं.

फोटोत भावकूचा नुसता कान आला होता. अण्णा मात्र पुरे आले होते: दात नाहीत, गळ्यात वेडावाकडा झेंडू, डोळ्यांत पाणी, आणि हसू असं की बघणाऱ्यालाही हसू फुटावं.

"हाच लावा," राजमती म्हणाल्या. अण्णांनी मान डोलावली.

चढवताना ज्ञानकोशानं विचारलं, फोटो कुणी काढला? परवाना कोण देणार? क्षमानं आज्जीला समजावलं: फोटो तुझा. तू हो म्हणालीस तर जगात कुणीही वापरू शकतं, छापू शकतं, फक्त खाली तुझं नाव द्यायला पाहिजे.

"माजं नाव?" राजमतींनी दोनदा विचारलं. त्यांचं नाव शिधापत्रिकेवर होतं, मतदार यादीत होतं. कुठल्या चांगल्या गोष्टीखाली कधी आलं नव्हतं. "दे मग," त्या म्हणाल्या. पूर्णिमाबाईंनी त्याच दिवशी फोटो मान्य केला, आणि निधन काढून टाकलं.

पुढं गावातल्या कबड्डी मंडळानं अण्णांचा सत्कार ठरवला. चौकात दोन मजली फ्लेक्स लागला. मधोमध तोच फोटो, ज्ञानकोशावरून उतरवलेला. चारी बाजूंनी शुभेच्छुकांची नावं, गॉगल घातलेली तोंडं. अण्णा फेटा बांधून आले, फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, आणि व्यासपीठाच्या पायरीवरच अडून बसले.

"अण्णा, वर चला की. पाव्हणं थांबल्यात," मंडळाचा अध्यक्ष विक्रम काकुळतीला आला.

"नाव कुठाय?"

"हे काय, तुमचं नाव केवढं मोठं घातलंय!"

"माजं न्हवं. फोटो काढणाऱ्याचं."

"अण्णा, तुमचाच फोटो, तुमच्याच गावात... त्याला कशाला कुणाचं नाव?"

"गप. नियम हाय त्यो." अण्णा उठेनात. शेवटी विक्रमनं शिडी मागवली, कुणीतरी रंगाचा डबा आणला, आणि पाहुणे, शिट्टी वाजवणारी पोरं, सगळा चौक माना वर करून बघत असताना फ्लेक्सच्या तळाशी लाल अक्षरं उमटली: छायाचित्र, राजमती पाटील.

अण्णांनी बायकांच्या रांगेत बसलेल्या राजमतींकडं बोट केलं. आणि माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"माजं हाय ते निस्तं तोंड. फोटो हिचा हाय."