हरवलेलं दार

दुकानांच्या जागांचं फेरमूल्यांकन होणार म्हटल्यावर अख्खी गल्ली धास्तावली. नवी मोजणी म्हणजे नवा कर! शिवणकामाच्या दुकानात तर शिंपीणबाईच्या नवऱ्यानं सकाळपासून एकच धोशा लावला होता, "मागची खोली दिसली की आपण मेलो."

"अहो, पण तिथं चिमी झोपलीय," ती म्हणाली.

"झोपू दे की! मोजणीबाई येतील, पुढचं दुकान मोजतील, जातील."

आणि त्यानं कापडाचं कपाट सरकवून खोलीच्या बिनकवाडाच्या दारावर लावलंसुद्धा. वर तयार झगे टांगले. तिथं दार होतं हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. खोलीला खिडकी आहे, पंखा सुरू आहे, पोर आत्ताच दूध पिऊन झोपलीय, असं ती स्वतःला समजावत राहिली. तरी तिचा कान कपाटाकडेच होता.

पालिकेच्या मोजणीबाई आल्या. मागोमाग शेजारचे घड्याळवाले काकाही आले. पुढची पाळी त्यांची होती.

"मागे काही आहे का?" टेप काढत बाईंनी विचारलं.

"छे! मागे भिंत," नवरा म्हणाला.

तेवढ्यात त्या भिंतीतून थापा ऐकू आल्या.

"आई! आई, दार हरवलं!"

आई धावत जाऊन कपाटाला भिडली. झगे धडाधड खाली पडले. नवरा, काका, खुद्द मोजणीबाईसुद्धा टेप टाकून ढकलायला लागल्या. कपाट सरकलं, तर दारात चिमी उशी कवटाळून, घामाघूम, ओठ काढून उभी.

"मी शोधलं," आईला बिलगत ती म्हणाली. "नव्हतंच."

पडलेले झगे उचलत नवरा पुटपुटला, "सगळेच लपवतात हो. काका, तुम्हीच सांगा."

"मी काय लपवणार बाबा? माझं दुकान हातभर! त्यातलं लपवलं तर मलाच रस्त्यावर बसावं लागेल." काका हसले, मग हळूच म्हणाले, "पण रस्ता, दिवे, गटारं सगळ्यांचीच ना? खर्च काही कमी होत नाही. तू खोली लपवलीस, की तिचा भार माझ्या हातभर जागेवर येतो रे."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"आणि मागच्या जागेला पुढचा दर लावतच नाही आम्ही," मोजणीबाई म्हणाल्या. "मूल झोपतं तो भाग तर दुकानात धरायचाच नाही. आकडा जास्त वाटला, तर मुदतीत हरकत घ्या, आसपासची भाडी दाखवा, भांडा आमच्याशी! पण खरं ते मोजू तरी द्या."

"मोजा," चिमीचे केस पुसत ती म्हणाली. "सगळं मोजा."

बाईंनी टेपचं टोक चिमीच्या हाती दिलं. ती तुरुतुरु खोलीच्या टोकाला गेली आणि भिंतीला टेकवून ओरडली, "सापडली भिंत!"

सगळे हसले. नवराही हसला, डोळे पुसत. मग घसा खाकरून म्हणाला, "बाई, कपाटामागचा कोनाडा राहिला. तोही घ्या."

मंडळी, कर जाचक वाटला तर जरूर भांडावं, पण उजेडात उभं राहून. आपण लपवलेला कोपरा शेजाऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसतो. आणि जगापासून लपवलेलं दार आधी आपल्याच लेकरांना सापडेनासं होतं.