चौदाशे अठरा नंबरचा पत्ता

नकाशात माझं घर पांढरं होतं आणि खरं सांगते, ते पाहून मला बरं वाटलं होतं.

आमच्या मार्लो गावच्या वाचनालयात पुस्तकांची दोन कपाटं सरकवून तो नकाशा भिंतभर लावला होता. विद्यापीठातल्या केटरिन होम नावाच्या तरुण बाईंनी तीन वर्षं खपून केलेला. गेल्या वीस वर्षांत गावातल्या कुठल्या घरातून किती माणसं तुरुंगात गेली, ते त्यात दाखवलं होतं. एक माणूस गेला असेल तर वाटाण्याएवढा लाल ठिपका, जास्त गेले असतील तर ठिपका मोठा. तलावापलीकडची वस्ती कोरी करकरीत, आणि आमच्या पर्सिमन स्ट्रीटला गोवर उठलेला.

मी आधी माझं घर शोधलं. चौदाशे एकवीस. पांढरं! मी ओडील फॉन्टेनो, एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली, गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही, आणि नकाशातही डाग नाही. मी मान ताठ केली. मग नजर रस्त्याच्या पलीकडे गेली. माझ्या अगदी समोर, चौदाशे अठरावर, जेवणाच्या ताटाएवढं लाल वर्तुळ होतं आणि त्यात आकडा होता त्रेचाळीस.

ते घर मिस व्हर्नेलचं. वय वर्षं एक्क्याऐंशी. त्या माझ्या शेजारीच रविवारची टोपी घालून उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि वर्तुळाकडे नीट पाहिलं.

"बाई गं, ओडील," त्या म्हणाल्या, "एवढा मान मला आपल्या चर्चनंसुद्धा कधी दिला नाही."

नकाशाखाली एका टेबलावर कार्डं होती आणि लाल गोल टिकल्यांचे कागद होते. कार्डावर आपलं मत लिहायचं. नकाशात एखादं घर राहून गेलं असेल, तर तिथे आपल्या हातानं टिकली चिकटवायची. टिकल्यांना कुणी हात लावला नाही. आपणहून कोण लावून घेईल? कार्डं मात्र भराभर भरली. तलावापलीकडच्या एकीनं लिहिलं, 'पाहून मन सुन्न झालं.' दुसऱ्या कुणी लिहिलं, 'माहितीपूर्ण. रंगसंगती छान.' आमच्या न्हाव्यानं, क्लोव्हिसनं, लिहिलं, 'आम्हाला हे नकाशा नव्हता तेव्हाही माहीत होतं.' आणि एका शहाण्यानं नाव न घालता लिहिलं, 'चौदाशे अठरावर बुलडोझर फिरवा.'

हे शेवटचं कार्ड पेपरात छापून आलं, शेजारी मिस व्हर्नेलच्या घराचा फोटो. दोन आठवड्यांत त्यांच्या दारावर नोटीस लागली. हे घर 'उपद्रवी' ठरवायचं की नाही, यावर पाच मेला नगरपरिषदेत सुनावणी. एकदा तसं ठरलं की तुरुंगातून सुटलेल्या कुणालाही त्या पत्त्यावर राहता येणार नाही.

आणि चौदा मेला लिओटिस सुटणार होता.

लिओटिस अठराव्या वर्षी आत गेला, त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. त्याची आई अर्लीन आमच्या चर्चमध्ये गायची; ती वाट बघता बघताच गेली. तिचं भाड्याचं घर पाडलं, तिथे आता गवत आहे. यंदा त्याला पॅरोल मिळाला, म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर राहून देखरेखीखाली काढायची. पण पॅरोलवर बाहेर यायचं तर राहायचा पत्ता द्यावा लागतो आणि पॅरोलचा अधिकारी तो स्वतः येऊन तपासतो. पलंग आहे का, बंदूक नाही ना, भिंतीतून तार आलेला जुना फोन आहे का, कारण माणूस घरी आहे की नाही हे कळवणारा पट्टा पायात घालतात, त्याच्या यंत्राला मोबाइल चालत नाही. पत्ता नाही तर सुटका नाही. भाड्यानं घरं देणाऱ्या कंपन्या अशांना दारातसुद्धा उभं करत नाहीत. म्हणून आमच्याकडे ज्याला कुणी उरलं नाही, तो मिस व्हर्नेलना पत्र लिहितो आणि त्या उलट टपाली एकच ओळ कळवतात: 'पलंग आहे, फोन आहे, सोमवारी राजमा-भात असतो.' लिओटिसलाही ती ओळ गेली होती.

आता माझं सांगते, कारण ते लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. माझा धाकटा भाऊ अल्सीड बारा वर्षांपूर्वी सुटायचा होता, तेव्हा त्यानं पत्ता आधी माझा मागितला होता. मी नाही म्हटलं. पॅरोलवाला घरात ठेवला तर बसवरची नोकरी जाईल, असं मला कुणीतरी म्हणालं होतं. खरंच जाते का, हे मी साहेबांना कधी विचारलंच नाही. अल्सीड समोर राहायला गेला. सुटला त्या दिवशी कागदाची पिशवी घेऊन तो आधी माझ्या पायऱ्यांवर आला होता. जाळीच्या दाराची कडी न काढता मी त्याच्याशी बोलले. चार वर्षं तो समोरच्या ओसरीतून मला हात करायचा. मग हृदय बंद पडून गेला. मी रस्ता ओलांडला तो थेट त्याच्या मयतीला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी मिस व्हर्नेलकडे गेले. त्या ओसरीत मांडीवर परात घेऊन राजमा निवडत होत्या.

"मिस व्हर्नेल, माझं ऐका. आजच तुरुंगाला लिहून टाका, की यापुढे माझा पत्ता कुणासाठी धरू नका. परिषद गार पडेल. तुमच्या मागचं शुक्लकाष्ठ संपेल."

"आणि लिओटिस?"

"त्याचं होईल काहीतरी."

"काहीतरी!" त्यांनी एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "कुठे राहतं गं हे काहीतरी? पलंग आहे त्याच्याकडे? सांग, मी जाऊन बघून येते."

"मी तुमच्याच भल्यासाठी सांगतेय."

"माझ्या भल्याचं तू नको बघूस. तू आपली पांढऱ्या घरात सुखात राहा."

मला ते लागलं. घरी येऊन मी उगाच आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा घासला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नगरपरिषदेचा हॉल खचाखच भरला होता. तलावापलीकडचे पुढच्या खुर्च्यांवर, आम्ही मागे. मिस व्हर्नेलनी मात्र मला ओढत नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. अध्यक्ष मिस्टर हॅनली मोठे गोड बोलणारे गृहस्थ.

"मॅडम, आमचं तुमच्याशी काही वैर नाही," ते म्हणाले. "पण आकडे बोलतात."

"मग बोलू द्या की त्यांना. मघापासून तुम्हीच बोलताय," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

मागून हशा उठला. मिस्टर हॅनली पाणी प्यायले. केटरिनबाईंनी नकाशा पडद्यावर दाखवला. आपल्या कामाचं असं काही होईल, हे त्या बिचारीच्या मनीध्यानीही नव्हतं. मिस व्हर्नेल काठी टेकत पडद्याजवळ गेल्या.

"पोरी, हे त्रेचाळीस माझ्या घरातून गेले, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुरुंगाच्या यादीत प्रत्येक नावापुढे पत्ता आहे, मॅम. मी तोच घेतला."

"तो पत्ता लिहून कधी घेतात?"

"अटक झाली की… म्हणजे, मी तसं धरलं."

"धरलंस! आत जाताना एकदा विचारतात. बाहेर सोडायच्या आधी पुन्हा विचारतात, आणि पहिला खोडून तिथे दुसरा लिहितात. पर्सिमन स्ट्रीटवर कुणालाही विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. तिथे क्लोव्हिस बसलाय, त्याला दोनदा लिहायला लावलंय."

"तीनदा!" क्लोव्हिस मागून ओरडला. "आणि पेनसुद्धा माझंच!"

सगळा हॉल हसला, पण मिस व्हर्नेल हसल्या नाहीत. त्या मिस्टर हॅनलींकडे वळल्या.

"साहेब, मला मूलबाळ नाही. माझ्या घरचा एकही माणूस आजवर तुरुंगात गेलेला नाही. हे त्रेचाळीस माझ्या घरी आलेले आहेत. काही एक रात्र राहिले, काही चार-चार वर्षं. सहा परत आत गेले, तेही सांगते, लपवत नाही. पण सदतीस नाही गेले. तुम्हाला त्या घराला उपद्रवी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण माझ्या तोंडावर म्हणा, नकाशाच्या आडून नको."

केटरिनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण पोरगी सरळ होती. माइक ओढून घेऊन त्या म्हणाल्या, "मी उलटं वाचलं. माणसं कुठून गेली, ते हा नकाशा सांगत नाही. ती कुठे परत येऊ शकली, ते सांगतो. चूक माझी आहे. हे लिहून घ्या."

मी पडद्याकडे बघत होते. तेच वर्तुळ, तोच आकडा, आणि समोर माझं पांढरं घर. ते पाहून मान ताठ केली होती मी! त्या ताटाएवढ्या लाल वर्तुळात एक ठिपका अल्सीडचा होता आणि तो माझ्या घरावर असायला हवा होता. माझं घर स्वच्छ म्हणून पांढरं नव्हतं. मी कडी काढली नव्हती म्हणून पांढरं होतं. मला तिथल्या तिथे माझीच लाज वाटली.

मिस्टर हॅनलींनी कागद जुळवले. "मुद्दा विचार करण्यासारखा आहे," ते म्हणाले. "निर्णय तीस दिवसांनी देऊ. तोवर हा पत्ता विचाराधीन राहील."

दाराशी पॅरोल अधिकारी टॅकेट उभा होता. माणूस वाईट नाही, पण नियमाबाहेर शिंकणार नाही.

"विचाराधीन पत्ता मला मंजूर करता येत नाही, मिस व्हर्नेल," तो म्हणाला. "चौदा तारखेला मंजूर पत्ता नसला, तर लिओटिसची सुटका रद्द होईल. पॅरोलची पुढची सुनावणी वर्षानं."

मिस व्हर्नेल खुर्चीत बसल्या. त्यांना असं मटकन बसताना मी कधी पाहिलं नव्हतं. टोपी कलली होती, ती सरळ करायचंही त्यांना सुचलं नाही.

"त्याला मी लिहिलं होतं गं, ओडील," त्या म्हणाल्या. "पलंग आहे म्हणून लिहिलं होतं."

मी उठले. आवाज बसमधला निघाला, चाळीस पोरांना गप्प करणारा.

"चौदाशे एकवीस!"

"काय?" टॅकेट म्हणाला.

"पत्ता सांगतेय, लिहून घे. चौदाशे एकवीस, पर्सिमन स्ट्रीट, ओडील फॉन्टेनो. पलंग आहे. बंदूक नाही."

"तारेचा फोन?"

"उद्या बसेल."

"मिसेस फॉन्टेनो," मिस्टर हॅनली वरून मधाळ आवाजात म्हणाले, "नीट विचार करा. नकाशात तुमच्या घराला तर एकही डाग नाही."

"बारा वर्षं विचारच केला, साहेब. आता पुरे."

मिस व्हर्नेलनी टोपी सरळ केली. "ऐकलंस ना, टॅकेट?" त्या म्हणाल्या. "लिही मग. की तुलाही पेन क्लोव्हिसनंच द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी फोनवाला आला. "आजी, हल्ली हा फोन कुणी घेत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "मी घेते. आणि आजी कुणाला म्हणतोस रे?" तो गेल्यावर मी वाचनालयात गेले. केटरिनबाईंनी नकाशाचं शीर्षक खोडून हातानं नवीन लिहिलं होतं: 'कुठे परत येता येतं.' नकाशासमोर क्लोव्हिस तोंडाचा चंबू करून, आपल्या दुकानावरच्या खोलीवर टिकली बसवत होता. त्याच्यामागे चर्चमधल्या दोघी उभ्या होत्या. माझ्या वाट्याला पहिल्या कागदावरची शेवटची टिकली आली. मी ती चौदाशे एकविसावर दाबून बसवली. थोडी वाकडी बसली, पण मी तिला तशीच ठेवली. तीस दिवसांनी परिषदेला काय ठरवायचं ते ठरवू दे. आता त्यांना एक घर बंद करून भागणार नाही, सगळा रस्ता बंद करावा लागेल.

टॅकेट येऊन पलंग दाबून बघून गेला, फोन कानाला लावून बघून गेला आणि त्यानं सही केली.

चौदा तारखेला गुरुवार होता, तरी समोरून राजम्याचा वास येत होता. दुपारी बस कोपऱ्यावर थांबली. एक उंच, टक्कल पडू लागलेला माणूस उतरला, हातात कागदाची पिशवी. तो रस्त्याच्या मधोमध थांबून एकदा या घराकडे, एकदा त्या घराकडे बघत राहिला.

"तिकडे रे, तिकडे!" मिस व्हर्नेल ओसरीतून ओरडल्या. "जेवायला इकडे ये, पण आधी पिशवी तिकडे टाक!"

लिओटिस माझ्या पायऱ्या चढून वर आला. अल्सीड उभा होता त्याच पायरीवर थांबला. जाळीचं दार मी सकाळीच सताड उघडून वीट लावून ठेवलं होतं, तरी तो आत येईना. एकोणीस वर्षं कुणी सांगितल्याशिवाय दारातून जायचं नाही, अशी सवय लागलेली.

"मिस ओडील?" त्यानं विचारलं. "मी बरोबर आलोय ना? माझ्या कागदावर हाच पत्ता आहे."

"हाच," मी म्हटलं. "आत ये, बाळा."