उजवीकडे न वळणारी गाडी

प्रेमला निसळ पुण्याला लेकीकडे आठवडाभर राहून भिंगारला परतल्या, तेव्हा घरापुढे गाडी ताडपत्रीखाली झाकलेली होती आणि शेजारी त्यांचे यजमान सुहासराव नवा शर्ट घालून उभे होते. कारण असल्याशिवाय हा माणूस नवा शर्ट घालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"काय करून ठेवलंत?" रिक्षातून उतरता उतरताच त्यांनी विचारलं.

सुहासरावांनी ताडपत्री ओढली. खाली त्यांचीच जुनी निळी मारुती होती, पण चार बोटं उंच झालेली. चाकं मोठी, चकचकीत. टायर इतके रुंद की मडगार्डमधून बाहेर डोकावत होते. लहान मुलाने बापाचे बूट घालून अंगणात उभं राहावं, तशी ती दिसत होती.

"तुझ्यासाठी," सुहासराव म्हणाले. "स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासतं म्हणून वैतागतेस ना? आता घासायचं नाही. बाराची काढून चौदा इंची घातली."

गाडी प्रेमलाबाई चालवायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या हट्टाने शिकल्या होत्या. सुहासरावही शिकायला गेले होते, पण शिकवणाऱ्यालाच क्लच कसा काम करतो हे समजावत बसले आणि तिथेच त्यांचं शिक्षण संपलं. लायसन्स बाईंकडे आणि ज्ञान रावांकडे अशी घरात वाटणी होती. ते ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून रोज वाढत होतं.

चाकं बसवणारा कानिफनाथ म्हणाला होता, "काका, स्टेअरिंग पुरतं वळवलं तर जरा घासंल. पन गाडी काय दिसंल! लई खतरनाक." यातलं फक्त दुसरं वाक्य सुहासरावांनी घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी काष्टीला जायचं होतं. नोकरीच्या सुरुवातीला प्रेमलाबाई तिथल्या शाळेत होत्या. तेव्हाचा त्यांचा विद्यार्थी श्रीमंत आता दूध संकलन केंद्र काढत होता आणि फीत बाईंच्याच हातून कापायची असा त्याने हट्ट धरला होता.

गल्लीच्या तोंडाशी बाईंनी गाडी उजवीकडे घेतली आणि खालून घर्रर्र असा आवाज आला. जात्यात खडा सापडावा तसा. त्यांनी ब्रेक दाबला.

"नवीन आहेत. बसतील हळूहळू," सुहासराव म्हणाले.

"बूट बसतात. टायर बसतात का कधी?"

डावीकडे वळताना आवाज नव्हता. डाव्या बाजूचं मडगार्ड मागे एका टेम्पोने आत चेपलं होतं, त्यामुळे उजवीकडे वळलं की डावं चाक तिथे अडायचं. सुहासरावांनी खाली वाकून हे शोधलं आणि वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "म्हणजे दोष चाकांचा नाही," ते म्हणाले.

परत फिरायचं तर पुन्हा उजवीकडेच वळावं लागणार होतं. बाईंनी पदर खोचला आणि मोठी मोठी वळणं घेत, मागच्यांच्या शिव्या खात, दौंडचा रस्ता गाठला.

सरळ रस्त्यावर मात्र गाडी नवरीसारखी चालली. आजवर उसाच्या शेताचा फक्त बांध दिसायचा. आता पार पलीकडची विहीरसुद्धा दिसत होती. बाई खुशीत आल्या. पन्नासच्या वर त्या कधी जात नसत. आजही काटा पन्नासवरच होता, पण त्यांनी एक टेम्पो मागे टाकला, मग एक जीप टाकली, आणि एका एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"आज सगळे इतके हळू का चाललेत?" त्यांनी विचारलं.

सुहासराव घसा साफ करून म्हणाले, "चाक मोठं झालं की काटा मागे पडतो. तो पन्नास दाखवतो तेव्हा आपण साठला तरी असतो."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तू इतकी आनंदात होतीस!"

बाईंनी पाय उचलला खरा, पण लगेच नाही.

काष्टीत बाजाराचा दिवस होता. श्रीमंतचं केंद्र मुख्य रस्त्यावरून उजवीकडे जाणाऱ्या बोळात होतं. बोळाच्या तोंडाशी तो स्वतः फेटा बांधून उभा होता, बरोबर हार घेतलेली मंडळी आणि हलगीवाले. निळी गाडी दिसताच हलगी कडाडली. बाईंनी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. घर्रर्र झालं. मागून ट्रकने हॉर्न दिला. बाईंनी स्टेअरिंग सरळ केलं, मंडळींना हसून नमस्कार केला आणि पुढे निघून गेल्या.

हलगी थांबली.

"रागावल्या का काय बाई?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. पत्रिकेत बाईंचं नाव आमदारांच्या खाली छापलं होतं, ते श्रीमंतला आठवलं. तो फेटा सावरत गाडीमागे पळत सुटला.

इकडे बाईंनी मनातल्या मनात आकृती काढली होती. तीनदा डावीकडे वळलं की गाडी मुख्य रस्ता आडवा ओलांडून थेट समोरच्या बोळात शिरते. गणित बरोबर होतं. फक्त दुसऱ्या डाव्या वळणानंतर शेळ्यांचा बाजार भरलेला होता.

तिथे गाडी अडकली आणि श्रीमंतने गाठली. तो खिडकीशी हात जोडून धापा टाकत म्हणाला, "बाई, काय चुकलं आमचं? तुमचं नाव वर घ्याया पायजे हुतं, मला कळतंय."

"नाव कसलं रे! ही गाडी उजवीकडे वळत नाही."

श्रीमंतने सुहासरावांकडे पाहिलं. सुहासरावांनी शेळ्यांकडे पाहिलं.

"मी रस्ता दावतो," म्हणून त्याने मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर पोत्याखाली काहीतरी टणक होतं. तालमीत घडलेला तो गडी त्यावरच बसला. गाडीची मागची बाजू खाली गेली, चाकं मडगार्डला टेकली, आणि बाईंनी गाडी जरा पुढे घेताच जळक्या रबराचा वास सुटला. शेळ्या चारी दिशांना उधळल्या.

"पोत्याखाली काय आहे?" बाईंनी विचारलं.

"जुनी चाकं," सुहासराव अगदी बारीक आवाजात म्हणाले. "चारही. म्हटलं, असू द्यावीत बरोबर."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून खात्री नव्हती!"

"खात्री होती. धीर नव्हता."

बाईंना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी दोघांनाही खाली उतरवलं. तेवढ्यात हलगीवालेही शोधत आले. पुढे श्रीमंत शेळ्या बाजूला सारत, त्याच्यामागे सुहासराव "जरा सरका, सरका" करत, मग गाडी आणि शेवटी हलगी, अशी वरात बाजारातून निघाली. एका व्यापाऱ्याने बॉनेटवर थाप मारून विचारलं, "इकायची हाय का?" बाई म्हणाल्या, "गाडी नाही. बरोबरचे गृहस्थ घेता का?"

फीत तासभर उशिरा कापली गेली. बाईंचं भाषण चालू असताना बाहेर पंक्चरवाल्याने जुनी चाकं बसवली. मोठी चाकं पाहून श्रीमंतचा जीव त्यांत अडकला होता. "काका, दुधाचे क्यान न्यायच्या हातगाड्याला लावू का?" त्याने विचारलं. सुहासरावांनी मोठ्या मनाने होकार दिला आणि एक्सल कसा हवा हे त्याला जेवण होईपर्यंत समजावलं.

परतताना गाडी उजवीकडे लोण्यासारखी वळली. काटाही खरं बोलू लागला. सुहासराव खिडकीबाहेर पाहत होते. दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि बाईंना पुन्हा नुसता बांधच दिसत होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "तेरा इंची मिळतात का हो?"